गॅरेजमधली तीन पिंपं

बाबा, तुम्ही पीत होता का? सरळ विचारते, कारण तुम्ही असताना हा प्रश्न मी तुम्हाला एकदाही विचारला नाही. विचारायची गरजच वाटली नाही. उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चालले होते, आणि ज्याचं उत्तर माहीत आहे तो प्रश्न मी भरल्या सभेत विचारते, घरात नाही. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. येत्या रविवारी कॉव्हेंट्रीत, जिथे मी पहिल्यांदा बोलले त्याच शाळेच्या हॉलमध्ये, मला पाचव्या शीलावर बोलायचंय, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या शीलावर. कमिटीच्या बाईंनी फोनवर बजावलं, "ताई, वडिलांची ती गोष्ट मात्र नक्की सांगा हं. नव्या पोरांनी ऐकलेली नाही." ती गोष्ट म्हणजे तुमची, आपल्या गॅरेजची आणि त्यातल्या तीन पिंपांची. चाळीस वर्षं मी ती सांगत आलेय. लेस्टरला सांगितली, लंडनला सांगितली, दोनदा नागपूरला जाऊन सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी ती सांगून झाल्यावर बायका डोळे पुसत माझा हात धरायला आल्या. आणि गेल्या महिन्यात ब्रॅकनेलला मी एक साधी गोष्ट पाहिली, आणि तेव्हापासून ते भाषण माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून लिहितेय. यात माफी शोधू नका. माझा संशय अजून गेलेला नाही.

आधी सगळं होतं तसं मांडते. घराच्या मागच्या गल्लीत उघडणारं गॅरेज. त्यात गाडी कधी राहिलीच नाही. दिवसभर तुम्ही फॅक्टरीत ज्या गाड्या जोडायचात त्यातलीच एक, सेकंडहँड, बाहेर रस्त्यावर पावसात भिजायची, आणि बिअर छपराखाली. उत्तरेकडच्या भिंतीला लागून विटांवर एक जाड फळी, तिच्यावर तीन पांढरी प्लास्टिकची पिंपं, खाली काळा नळ, वर रुंद झाकण. त्यांच्याभोवती आईच्या जुन्या गोधड्या गुंडाळलेल्या. मी लहान असताना विचारलं होतं, "त्यांना थंडी वाजते का?" तुम्ही म्हणालात, "थंडी चालते. कधी थंड, कधी गरम, हे चालत नाही. एकाच हवेत पडून राहायला पाहिजे." सप्टेंबरात तुम्ही केमिस्टच्या दुकानातून माल्टचे, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या पाकाचे, डबे आणायचात, आईच्या मोठ्या पातेल्यात ते शिजायचं, आणि आई दोन्ही खिडक्या उघडून म्हणायची, "गावाकडे भट्टी लावणाऱ्याला पोलीस धरतात. इथे माझ्याच किचनमध्ये लावलीय." आठ-दहा दिवस बादलीत फसफसून झालं की ते पिंपात जायचं. वरून मोजून साखर, झाकणाच्या रबरी रिंगला व्हॅसलिन, आणि मग झाकण घट्ट. त्यानंतर उघडायचं नाही. हलवायचं नाही. काळी जड बिअर असेल तर पाच-सहा महिने नुसती पडू द्यायची. "आत जी हवा राहते ती तिची तिने तयार केलेली," तुम्ही सांगायचात. "बाहेरची हवा गेली की संपलं. पुठ्ठ्यासारखी लागते." लागते, असं तुम्ही म्हणालात. मी तेव्हाच ऐकून ठेवलं होतं. ज्याने चाखली नाही त्याला कशी लागते हे कसं ठाऊक?

बघा, मी अशी होते. पण त्याआधी, नऊ-दहा वर्षांची असताना, मी अशी नव्हते. तेव्हा मला तुमचं गॅरेज शाळेपेक्षा आवडायचं. तुम्ही मला ती काचेची नळी दिली होतीत, द्रवात तरंगते आणि किती साखर उरली ते दाखवते ती. आधी साध्या पाण्यात सोडायला लावलीत. "किती?" "एक हजार." "बरोबर. आता यात." "एक हजार बेचाळीस." "दहा दिवसांनी एक हजार दहा-बारावर येईल. न आली तर?" मी नळी परत बुडवून बघितली. "न आली तर थांबायचं," तुम्ही म्हणालात. वाढदिवसाला तुम्ही मला तीच नळी, नवी, कापसात गुंडाळून पेन्सिलच्या डब्यात ठेवून दिलीत. मी ती शाळेत नेली आणि टीचरने घरी चिठ्ठी पाठवली. आई आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही.

हे सगळं सुरू का झालं, ते तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही मी फार मागे लागले म्हणून. फॅक्टरीच्या मागे कामगारांचा क्लब होता. तुमच्या शेजारच्या बेंचवरचा तो उंच टूलमेकर, आई ज्याला लंबू म्हणायची, तुम्हाला पाहुणा म्हणून घेऊन गेला. तुम्ही लेमोनेड मागवणार होतात, असं तुमचं म्हणणं. दारातल्या माणसाने रजिस्टर बंद केलं आणि लंबूला म्हणाला, "तू ये. हा नाही." लंबूने आत आधीच घेऊन ठेवलेली आपली बिअर तशीच टेबलावर सोडली आणि तुमच्याबरोबर बाहेर आला. पुढच्या शनिवारी तो आपल्या दारात उभा, काखेत एक पांढरं पिंप, हातात माल्टचा डबा. म्हणाला, आपण आपला क्लब काढू. तुम्हाला जमेल, तुमचे हात माझ्यापेक्षा बरे आहेत, मी शिकवतो. असा तो क्लब. रविवारी दुपारी दोन वाजता पाच-सहा गोरी माणसं गल्लीतून यायची, उलट्या क्रेटवर बसायची, आणि तुम्ही नळ सोडून एकेकाच्या हातात मग द्यायचात.

गावात तुमच्या हातचं पाणी कोणी घेतलं नव्हतं. चहाच्या टपरीवर तुमचा कप वेगळा, छपराच्या वाशाला अडकवलेला. आणि इथे माणसं तुमच्या हातातून घेत होती, वर थँक यू म्हणत होती. तुमच्या तोंडावर तेव्हा काय यायचं ते मी पाहिलंय. मी ते नाकारत नाही. पण मी पंधरा वर्षांची झाले, लायब्ररीतलं कपाटच्या कपाट वाचून काढलं, आणि वाचायला लागलेलं माणूस आधी घरच्यांनाच तपासतं. मला प्रश्न पडायला लागले. ही माणसं तुमच्यासाठी येतात की फुकटच्या बिअरसाठी? त्यांच्यातल्या किती जणांनी तुम्हाला त्यांच्या घरी बोलावलं? आणि मोठा प्रश्न म्हणजे काकांचा. तुमचे सख्खे मोठे भाऊ दारूने गेले. पत्र आलं तेव्हा तुम्ही किचनमध्ये उभ्या उभ्या ते वाचलंत आणि म्हणालात, "चाळीसही पूर्ण नाही केली." ज्याचा भाऊ असा जातो, जो दर रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या हॉलमध्ये पांढरा शर्ट घालून हात जोडून मोठ्याने पाच शीलं म्हणतो, तो दुपारी दोनला नळ सोडतो? मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. न पिणाऱ्यानेसुद्धा दुसऱ्याच्या हातात ग्लास देऊ नये, हे माझं मत आहे, आणि ते बदलण्याएवढं काही माझ्या बघण्यात आलेलं नाही.

मग मी पाळत ठेवली. पिंपं पांढरी होती, गोधडी सरकवून बाजूने बॅटरी धरली की बिअर कुठवर आहे ती रेघ दिसायची. मी मागच्या बाजूला पेन्सिलने खुणा करायला लागले. शनिवारची खूण, रविवारची खूण. आणि एका रविवारी पकडलं. तुम्ही हॉलमधून आलात, शर्ट बदललात, पाहुणे यायला अर्धा तास होता. तुम्ही एकटेच गॅरेजात गेलात, नळ सोडलात, जवळजवळ भरलेला ग्लास घेऊन गॅरेजच्या बाजूच्या दाराने परसात गेलात. भिंतीमुळे पुढचं मला दिसलं नाही. दोन मिनिटांनी परत आलात तेव्हा ग्लास रिकामा होता आणि तुम्ही मनगटाने मिशी पुसत होतात. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी वहीत नोंद ठेवली नाही, पण मनात ठेवली, आणि मनातली नोंद अधिक घट्ट असते. माझे वडील लपून पितात. लोकांसमोर नाही, एकटे पितात. काका असेच सुरू झाले असणार.

सतरा वर्षांची होते तेव्हा युवक मंडळाने मला बोलायला उभं केलं. विषय पाचवं शील. शंभरेक माणसं असतील. पुढच्या रांगेत बायका, मागे तुम्ही सगळे फॅक्टरीवाले. पहिली पाच मिनिटं मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मग मी कागद ठेवला आणि म्हटलं, "सकाळी दहाला पंचशील आणि दुपारी दोनला पिंप! असा माणूस शोधायला मला लांब जायला नको. तो माझ्या घरात आहे. तो माझा बाप आहे."  मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. एका म्हाताऱ्या आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वाघीण आहे पोरगी." त्या क्षणी मी कोण होणार ते ठरलं. तुम्ही मागच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसला होतात. उठला नाहीत, बोलला नाहीत. आई तुमच्या शेजारीच, खाली मान घालून पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

 घरी येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तुम्ही समोर बघत म्हणालात, "आवाज चांगला लागला. मागच्या रांगेपर्यंत पोचला." एवढंच. ते कौतुक होतं की टोमणा, याचा छडा मला अजून लागलेला नाही. पुढच्या शनिवारी तुम्ही तिन्ही पिंपं रिकामी केलीत. दोन जवळजवळ संपलेली होती. तिसऱ्यात काळी बिअर होती, सप्टेंबरपासून पडलेली, आणि तिच्यावर खडूने तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "अजून तीन आठवडे". ती तुम्ही गल्लीतल्या गटारात सोडलीत. दोन दिवस गल्लीला भाजलेल्या पावासारखा वास येत होता. मग पिंपं गाडीत घालून कौन्सिलच्या टिपला, कचरा डेपोत, टाकून आलात. गोधड्या आईने धुऊन वाळत घातल्या. त्यानंतर एकाही रविवारी कोणी गल्लीतून आलं नाही. मी तुम्हाला म्हटलंही, "बघितलंत? बिअर गेली, मित्र गेले." तुम्ही पेपर वाचत होतात. पान उलटलंत.

आता ब्रॅकनेल. तुमचा नातू, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, तिथे एका आयटी कंपनीत आहे. त्याच्या लेकीचा पहिला वाढदिवस होता. मी सकाळीच पोचले, तर तो मला म्हणाला, "आत्या, चला, तुम्हाला काहीतरी दाखवतो," आणि गॅरेजात घेऊन गेला. आणि तिथे बाबा, तीन केग, म्हणजे बिअरची पिंपंच! स्टीलचे, उंच, चकचकीत, एका जुन्या फ्रिजमध्ये उभे केलेले. फ्रिजला वेगळा थर्मोस्टॅट, बाजूला गॅसचा सिलिंडर, रबरी नळ्या. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तारीख. मला क्षणभर वाटलं, रक्तात काहीतरी असतं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, हाच तर आपला संशय होता.

"हा केग आठ महिने झोपला आहे," तो म्हणाला. त्याचं मराठी तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो चार वर्षांचा होता. "बिअर भरायच्या आधी गॅस सोडून आतला सगळा हवा बाहेर काढतो. ऑक्सिजन इज द एनिमी. मग बारा डिग्रीवर ठेवतो. टच करायचा नाही. आज उठणार तो."

मी केगकडे बघत होते, मग त्याच्या डोळ्यांकडे, मग त्याच्या हातांकडे, थरथरतात का ते.

"आत्या, तुम्ही पोलीससारखी बघते," तो हसला.

"पोलीस बरे. ते वॉरंट घेऊन येतात. आठवड्याला किती पितोस?"

"दोन पाइंट. मॅक्स तीन."

"कोण मोजतं?"

"माझा बायको. ती तुमच्यापेक्षा पण स्ट्रिक्ट आहे."

असं म्हणत त्याने नळ दाबला. ग्लासात गढूळ, चिखलासारखं काहीतरी आलं. त्याने ग्लास भरू दिला, उजेडात धरला, आणि सरळ सिंकमध्ये ओतून टाकला.

"हे काय केलंस?"

"पहिला ग्लास फेकायचाच असतो. इतका महिना उभा आहे ना, यीस्ट सगळा खाली बसतो. पहिला ग्लास म्हणजे नुसता गाळ. कोणी पीत नाही. पोट बिघडेल."

"नेहमी फेकतात?"

"ऑलवेज. आणि तो जुना प्लास्टिकवाला बॅरल असेल तर मोर सो. त्याचा नळच खाली असतो. आठवडाभर बंद ठेवला की परत पहिला ग्लास गाळ." त्याने ग्लास विसळला. "आजोबांचा तोच होता ना? डॅड सांगतो. डॅड सांगतो आजोबा स्वतः प्यायचे नाही. पण आत्या, ऑनेस्टली, आय डोंट बिलीव्ह इट. न चाखता एजिंग कसं करणार? कधी रेडी झाली हे कळणार कसं?"

बाबा, त्याने एकाच दमात तुम्हाला सोडवलं आणि पुन्हा धरलं. दुपारभर मी केक खाल्ला, बाळाला मांडीवर घेतलं, फोटो काढून घेतले, आणि डोक्यात फक्त तो गढूळ ग्लास. परतीच्या ट्रेनमध्ये रेडिंगपासून कॉव्हेंट्रीपर्यंत मी तुमची उलटतपासणी घेतली. पहिला ग्लास गाळ असतो, मान्य. म्हणून तुम्ही तो प्यायला नाहीत, हे कुठे सिद्ध होतं? गॅरेजात गटाराची जाळी होती, मग परसात कशाला न्यायचा? मिशी कशाला पुसायची? आणि झाली की नाही हे तुम्हाला कळायचं कसं? पिंपांवर तुम्ही खडूने शब्द लिहायचात, "कोवळी", "तुरट", "बसली". मी एकदा विचारलं होतं, "तुम्हाला कसं कळलं कोवळी आहे?" तुम्ही म्हणालात, "कळतं." निर्दोष माणूस असं उत्तर देतो का?

घरी आल्यावर मी स्टॅनमोरला फोन लावला. आई भावाकडे असते. ऐंशी उलटली, गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

"आई, एक विचारू? बाबा प्यायचे का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. "भाषण आहे वाटतं कुठे?"

"सांग ना."

"चाळीस वर्षं झाली. तेव्हा विचारायचं होतंस. नव्हते पीत. एक थेंब नाही."

"तुला काय माहीत? तू तर गॅरेजात पाऊल टाकायची नाहीस."

"अगं, एका बिछान्यात झोपत होते मी त्या माणसाशेजारी. मला नाक नाही का?"

"मग झाली की नाही हे कोण सांगायचं?"

"तो लंबू. दर गुरुवारी शिफ्ट सुटली की यायचा, घोटभर चाखायचा, काहीतरी पुटपुटायचा. हे मराठीत लिहून ठेवायचे खडूने. मी म्हणायचे, तुम्ही म्हणजे लग्नातला आचारी, पंगत जेवते आणि तुम्ही उपाशी. तर म्हणायचे, वाढण्यातच पोट भरतं."

"आणि लोक यायचे बंद का झाले मग? बिअर संपली म्हणूनच ना?"

"यांनीच सांगितलं त्यांना, येऊ नका म्हणून. मुलीला आवडत नाही म्हणाले. लंबू दोनदा येऊन गेला बिचारा. दारातूनच परत पाठवला."

 मी माझ्याकडे होता तो शेवटचा पुरावा काढला. "आई, मी डोळ्यांनी बघितलंय. दर रविवारी पाहुणे यायच्या आधी एक ग्लास भरून परसात जायचे आणि रिकामा घेऊन यायचे."

"गोगलगायींना," आई म्हणाली.

"काय?"

"गोगलगायी गं. त्या शंख नसलेल्या, काळ्या. माझी मेथी फस्त करायच्या. लंबूनेच सांगितलं होतं यांना, बिअरच्या वासाला त्या येतात आणि त्यात बुडून मरतात. पहिला ग्लास नुसता गाळ असायचा, मग फेकण्यापेक्षा वाफ्यात बशा पुरून त्यात ओतायचे. सोमवारी बघावं तर दहा-पंधरा पडलेल्या. मेल्या दारुड्या."

मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "म्हणजे पहिलं शील मोडलं. जीवहत्या." सवय आहे बाबा, जात नाही.

"हो बाई, ते मोडलं," आई म्हणाली. "लाव आता फाशी." मग तिचा आवाज खाली आला. "त्या दिवशी हॉलमध्ये मी त्यांना कोपराने ढोसलं. म्हटलं, उठा, सांगा तरी. तर कानात म्हणाले, तिचे पाय बघ किती लटपटतायत. आता मधे बोललो तर परत कधी उभी राहणार नाही."

यावरही माझा विश्वास बसलेला नाही, हे मी तुम्हाला लिहून ठेवते. माणूस गेला की बायको त्याची वाक्यं घडवते, घासते, चांगली करते. मी पाहिलंय अशा बायकांना, सभेनंतर त्या मला भेटतात. चाळीस वर्षं आईने हे का नाही सांगितलं? मी विचारलं, तर म्हणाली, "तू विचारलंस कधी? तू नुसती सांगायचीस." आणि समजा सगळं खरं धरलं, तरी तुम्ही स्वतः न पिता दुसऱ्यांना पाजत होतात, हे उरतंच. त्यावर मी आजही बोलू शकते, आणि चांगलं बोलू शकते. पण ती माझी गोष्ट नव्हती. माझ्या गोष्टीतला बाप लपून पितो. तो बाप नसेल तर कमिटीच्या बाईंना काय सांगू? त्यांना मी अजून काही कळवलेलं नाही.

फोन ठेवायच्या आधी आई सहज बोलून गेली, आणि तिच्या आवाजात आरोप अजिबात नव्हता. "बशा तर तूच धुवायचीस ना सोमवारी शाळेतून आल्यावर? मला किळस यायची. तुला बिअरचा वास नाही का आला कधी?"

"आठवत नाही गं आता," मी म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा इथे खोटं बोलण्यात काही अर्थ नाही. मला आठवतं. चार बशा असायच्या. मी त्या परसातल्या नळाखाली धरायचे, आणि साबण लावला तरी बोटांना तो आंबूस वास संध्याकाळपर्यंत राहायचा. भाषणाच्या आधीच्या सोमवारीसुद्धा मी त्या धुतल्या, हात पुसले, वर खोलीत गेले आणि दहा आणि दोनचं ते वाक्य लिहिलं. लिहिताना एकदा हात नाकाशी गेला होता. मी पेन खाली ठेवलं नाही. वाक्य फार चांगलं जमलं होतं, बाबा.